पहिली आठवण, पहिला कागद

खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर असते, असे जुनी माणसे सांगतात. हे अंतर डोळा आणि कान यांच्यामधले. कानांनी ऐकलेले खोटे निघू शकते, डोळ्यांनी पाहिलेले मात्र खरे, असा त्याचा अर्थ. कोर्टकचेरीपासून होस्टेलमधल्या भांडणापर्यंत आपण सगळे याच मापाने मोजतो. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे," असे कोणी म्हटले की बाकीचे गप्प बसतात.

अकरावीच्या मानसशास्त्रात स्मृतीचे प्रकरण शिकवताना या चार बोटांना आणखी एका अंतराची जोड द्यावी लागते. डोळ्यांनी पाहिले तो क्षण आणि तोंडाने सांगितले तो क्षण, यांमधले अंतर. ते कधी दहा मिनिटांचे असते, कधी दहा वर्षांचे. त्या काळात आठवणीचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. कॅडेट मित्रांनो, तुम्ही उद्या पहाऱ्यावर उभे राहाल, गस्तीवरून परत येऊन अहवाल द्याल, कधी एखाद्या चौकशीत प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीतही बसाल. म्हणून हा विषय केवळ परीक्षेतल्या गुणांपुरता नाही.

आठवण म्हणजे कॅमेरा नव्हे

एक सोपा प्रयोग करून पाहा. देवनहळ्ळीचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. फोटो न पाहता त्याच्या दरवाजाचे आणि तटाचे चित्र कागदावर काढा. बुरूज किती, दरवाजा किती उंच, तटावर काय काय आहे, सगळे दाखवा. मग पुढच्या आउटिंगला तो कागद घेऊन जा आणि ताडून पाहा. महाराष्ट्रातून आलेल्या मुलांच्या डोक्यात किल्ला म्हटले की रायगड, सिंहगड, राजगड असे डोंगरी किल्ले असतात. देवनहळ्ळीचा किल्ला भुईकोट. आठवणीत जिथे मोकळी जागा राहते, तिथे मन आपल्याला आधीपासून ठाऊक असलेला "किल्ला" आणून बसवते. चित्र काढणारा खोटे बोलत नसतो. आपण भर घातली आहे, हे त्याला कळतही नाही.

पाठ्यपुस्तकात स्मृतीच्या तीन पायऱ्या सांगितलेल्या असतात. नोंद होणे, साठवले जाणे आणि गरज पडेल तेव्हा बाहेर येणे. कॅमेऱ्यात पहिल्या पायरीवर जे टिपले गेले तेच तिसऱ्या पायरीवर दिसते. माणसाचे तसे नसते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली स्मृतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. दर खेपेला कथा आखूड होत गेली आणि वाचणाऱ्याच्या स्वतःच्या जगासारखी होत गेली. जे विचित्र वाटले ते गळाले, जे ओळखीचे होते ते आत शिरले. आठवणे म्हणजे उरलेल्या तुकड्यांतून घटना नव्याने उभी करणे, हा बार्टलेट यांचा निष्कर्ष आज सगळीकडे शिकवला जातो.

प्रश्नातला एक शब्द

घटना नव्याने उभी करताना बाहेरचे सामान किती सहज मिसळते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ सालच्या प्रयोगातून दिसले. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. सर्वांनी तेच पाहिले होते. प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले. "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?" असे विचारल्यावर सरासरी उत्तर आले ताशी ४०.८ मैल, म्हणजे सुमारे ६६ किलोमीटर. "गाड्या एकमेकींना टेकल्या तेव्हा" असे विचारल्यावर ते उतरले ३१.८ मैलांवर, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटर.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. १५० विद्यार्थ्यांना एका अपघाताची फिल्म दाखवली आणि आठवड्याने विचारले, "फुटलेली काच दिसली होती का?" फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ज्या ५० जणांना आधी "आदळल्या" हा शब्द वापरून प्रश्न विचारला होता, त्यांतल्या १६ जणांना काच आठवली. ज्या ५० जणांना वेगाविषयी काहीच विचारले नव्हते, त्यांत अशी मुले ६ होती. एका शब्दाने आठवड्यानंतरच्या आठवणीत काच फोडली.

आता हे आपल्या एअरपोर्ट रोडवर आणून पाहा. दोन गाड्या घासल्या, गर्दी जमली आणि कोणी विचारले, "त्या पांढऱ्या गाडीने किती जोरात ठोकले?" या एका प्रश्नात तीन गोष्टी आधीच ठरून गेल्या. गाडी पांढरी होती, चूक तिची होती आणि धडक जोराची होती. उत्तर देणाऱ्याने यातले काहीच पाहिले नसेल, तरी संध्याकाळपर्यंत ते त्याचे स्वतःचे पाहणे होऊन बसेल.

प्रशिक्षित जवानाचे काय?

"सामान्य माणसाचे ठीक आहे, सैनिक चुकणार नाही," असे आपल्याला वाटते. या समजुतीची परीक्षा अमेरिकेत झाली. चार्ल्स मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. शत्रूच्या हाती सापडल्यावर तग कसा धरायचा, याचे प्रशिक्षण घेणारे ५०० हून अधिक सेवेतले सैनिक त्यात होते. बनावट युद्धकैदी छावणीत त्यांची दोन प्रकारे उलटतपासणी झाली, एकदा अंगावर येणारी, कठोर आणि एकदा सौम्य. दोन्ही वेळी उलटतपासणी करणारा अर्ध्या तासाहून अधिक काळ समोरासमोर होता. छावणीतून सुटल्यावर साधारण दिवसभराने त्यांना तो माणूस ओळखायला सांगितले. रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून सौम्य उलटतपासणी करणाऱ्याला ६२ टक्के जवानांनी बरोबर ओळखले. कठोर उलटतपासणी करणाऱ्याला ओळखणारे फक्त ३० टक्के निघाले.

म्हणजे भीती आणि ताण जितका जास्त, तितका चेहरा मनावर कोरला जातो, ही समजूत टिकत नाही. कारण समजायला अवघड नाही. जीव धोक्यात असताना लक्ष धोक्याकडे जाते. समोर चाकू किंवा पिस्तूल असेल तर नजर त्यावर खिळते आणि ते धरणाऱ्याचा चेहरा निसटतो. जीव वाचवण्यासाठी हे योग्यच आहे. पण नंतर साक्ष द्यायची ती चेहऱ्याची असते.

मनाच्या या कमतरतेला शरम समजण्याचे कारण नाही. नेमबाजीत आपण वाऱ्याचा हिशेब धरतो, त्यात रायफलचा अपमान होत नाही. आठवणीचाही असाच हिशेब धरायचा असतो.

मेसच्या टेबलावरची चर्चा

आठवण बिघडवायला नेहमी चौकशी अधिकारीच लागतो असे नाही. आपले मित्र पुरतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी दोघादोघांना एकाच घटनेची फिल्म दाखवली. प्रत्यक्षात प्रत्येकाची फिल्म वेगळ्या कोनातून घेतलेली होती. एकाला जे दिसत होते, ते दुसऱ्याला दिसणे शक्यच नव्हते. दोघांना आपसात बोलू दिले आणि मग वेगवेगळे लिहायला सांगितले. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, जोडीदाराकडून ऐकलेली निदान एक गोष्ट आपण पाहिली म्हणून लिहिली.

मेसमध्ये, बराकीत, बसमध्ये आपण हेच करतो. चार जण एखादी घटना पुन्हा पुन्हा सांगतात, चौघांचे एकमत होते आणि आपण म्हणतो, चार साक्षीदार आहेत. खरे पाहता एकाच साक्षीदाराच्या त्या चार प्रती असू शकतात. पाहण्याच्या आणि सांगण्याच्या मध्ये कान पुन्हा शिरला, म्हणजे ते चार बोटांचे अंतर गेलेच.

ठामपणा कधीचा?

"पण मला पक्के आठवते," या वाक्याचे वजन किती मानायचे? २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी उल्रिक नायसर यांनी अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून एक कागद लिहून घेतला. बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा तुम्ही काय करत होता? अडीच वर्षांनी निकोल हार्श यांच्यासह त्यांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारले. ११ जणांचे प्रत्येक मुख्य उत्तर चुकले. सगळे बरोबर सांगणारे फक्त ३ निघाले. चुकलेल्यांपैकी अनेक जण अत्यंत ठाम होते. त्यांचाच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण परत आली नाही.

इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की सत्य त्या जुन्या कागदात टिकले होते.

गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ साली ठामपणाचा उगम तपासला. साक्षीदारांनी फोटोंमधून एक माणूस निवडला. त्या फोटोंत खरा गुन्हेगार नव्हताच, त्यामुळे प्रत्येक निवड चुकीची होती. काहींना सांगितले, "छान, तुम्ही संशयितालाच ओळखलेत." एवढ्या शाबासकीने ते अधिक ठाम झाले. इतकेच नव्हे, तर आपल्याला घटना स्पष्ट दिसली होती आणि आपण बारकाईने पाहत होतो, असेही ते सांगू लागले.

याचा अर्थ साक्षीदाराचे काहीच खरे मानू नये असा नाही. अलीकडच्या अभ्यासांत जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी दाखवून दिले आहे की पहिल्याच वेळी, योग्य पद्धतीने, कोणतीही सूचना न देता विचारले, तर त्या वेळचा ठामपणा बराच भरवशाचा असतो. पहिल्या वेळी "नक्की नाही" म्हणणारा साक्षीदार दोन वर्षांनी कोर्टात "शंभर टक्के हाच" म्हणू लागला, तर वजन पहिल्या उत्तराला द्यायचे. ओल्या मातीतल्या पावलाच्या ठशासारखी आठवण असते. पहिला माणूस येऊन साचा घेतो तेव्हा ठसा स्वच्छ असतो. मग दहा जण त्यावरून चालत गेले, तर अकराव्याला दिसणारा ठसा कोणाचा?

नाशिकचा खटला

हा ठसा तुडवला गेला की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला. गंभीर जखमी अवस्थेत जे वाचले, त्यांत घरातली आई होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या नोंदीतल्या गुन्हेगारांचे फोटो तिला दाखवले गेले आणि तिने चार जण ओळखले. त्या चौघांचा तपास पुढे गेलाच नाही.

नंतर पकडलेले सहा जण वेगळेच होते. भटक्या जमातीतले, मजुरी करणारे गरीब लोक. खटला उभा राहिला तो त्यांच्यावर. खालच्या कोर्टाने फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी सहाही जणांना फाशी सुनावली.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा खटला पुन्हा ऐकला. न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. पहिल्या दोन दिवसांतली ती ओळख आणि तिच्याकडे झालेले दुर्लक्ष न्यायालयाने गंभीर मानले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तोपर्यंत तुरुंगात सुमारे सोळा वर्षे गेली होती. ज्या घरातले पाच जण गेले, त्या घरालाही न्याय मिळाला नाही.

त्या आईला दोष देण्याचे काहीच कारण नाही. एवढ्या आघातातून वाचलेल्या माणसाने दोन दिवसांत जे सांगता येईल ते सांगितले होते. ते जपणे आणि त्यामागे जाणे हे तपास करणाऱ्यांचे काम होते. कमी पडली ती व्यवस्था, आणि ती व्यवस्था चालवायला उद्या तुमच्यातलेच काही जण जाणार आहेत.

कायदा काय काळजी घेतो

आपल्या कायद्याला आठवणीचा हा स्वभाव अगदीच अपरिचित नाही. ओळख परेड पोलीस स्वतः घेत नाहीत, ती दंडाधिकाऱ्यांसमोर होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमधल्या सूचनांप्रमाणे एका संशयिताबरोबर त्याच्यासारखी दिसणारी निदान सहा माणसे उभी करावी लागतात. परेडच्या आधी संशयिताला किंवा त्याच्या फोटोला साक्षीदारासमोर आणले असेल, तर त्या परेडला फारशी किंमत उरत नाही. आपल्याच बाजूच्या साक्षीदाराला सरतपासणीत उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायला एरवी मनाई असते. शिवाय घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहिलेली नोंद पाहून साक्षीदाराला साक्ष देताना आठवण ताजी करता येते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही सोय होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही ती आहे.

वर्गात यावर एक प्रश्न नेहमी येतो. माणूस चुकतो, तर सरळ मेंदूतूनच आठवण वाचणारे यंत्र का वापरू नये? हा प्रश्न आपल्या शहराशी जोडलेला आहे. मेंदूतल्या विद्युतलहरींवरून अनुभवाची आठवण शोधण्याची एक पद्धत बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये चिकित्सा मानसशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केली. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना तिच्या निष्कर्षाचाही आधार घेतला, आणि त्यावर जगभर टीका झाली. मग ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. कायद्याचे तत्त्व बाजूला ठेवले तरी मानसशास्त्राची अडचण उरतेच. न फुटलेली काच ज्याला मनापासून आठवते, त्याच्या मेंदूत तीही आठवणच आहे.

वर्गात आणि मैदानात

हे शिकवताना पूर्वी वर्गात खोटे भांडण घडवून आणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्राध्यापक फॉन लिस्ट यांनी आपल्या वर्गात रिव्हॉल्व्हरसह असे भांडण घडवले आणि विद्यार्थ्यांकडून वर्णने लिहून घेतली. एकाचेही वर्णन बिनचूक नव्हते. आपल्या आवारात असले नाटक करू नये. जिथे खरी शस्त्रे आणि खरा पहारा असतो, तिथे ते धोक्याचे ठरेल. दोन मिनिटांची साधी फिल्म पुरते. अर्ध्या वर्गाला "टोपीवाला माणूस कुठल्या दाराने गेला?" असे विचारा, अर्ध्याला "काय पाहिले ते लिहा" असे सांगा. फिल्ममध्ये टोपी नसू द्या. आठवड्याने सगळ्यांना टोपीचा रंग विचारा आणि उत्तरे फळ्यावर मांडा. शेवटी प्रयोगाचा हेतू सांगा आणि चुकलेल्याची थट्टा होऊ देऊ नका.

यातून अहवाल लिहिण्याचे काही साधे नियम निघतात.

घटना पाहिली की आधी लिहा, मग बोला. वरिष्ठांना तातडीची खबर देणे अर्थातच पहिले. पण मित्रांशी चर्चा कागद लिहून झाल्यावर.

एकट्याने लिहा. तारीख, वेळ, तुम्ही कुठे उभे होता, उजेड किती होता, किती वेळ पाहिले, हे घाला.

पाहिले, ऐकले आणि वाटले हे तीन वेगळे ठेवा. "एक माणूस कुंपणाकडे पळाला" हे पाहणे. "चोर पळाला" हा तर्क.

"माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. मोकळी जागा भरण्यापेक्षा मोकळी सोडणे प्रामाणिकपणाचे.

नंतर काही आठवले तर पहिला कागद खोडू नका. खाली नवी तारीख आणि वेळ घालून पुरवणी जोडा.

आणि प्रश्न विचारण्याची पाळी तुमच्यावर आली, तर "काय झाले ते सुरुवातीपासून सांग" एवढेच म्हणा आणि मध्ये बोलू नका. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइजलमन यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या मुलाखत पद्धतीचा गाभा हाच आहे. साक्षीदाराला मनाने त्या जागी परत जाऊ द्यायचे, त्याच्या क्रमाने बोलू द्यायचे, बारीक प्रश्न शेवटी विचारायचे. उत्तर मिळाल्यावर "शाबास" म्हणू नये आणि भुवयाही उंचावू नयेत.

पालकांनाही हे उपयोगी पडेल. सुटीत घरी आलेला मुलगा किंवा मुलगी एखादा प्रसंग सांगू लागली, तर "त्यानेच मारले ना?" असे विचारण्याऐवजी "मग काय झाले?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने तुम्हाला तुमचेच उत्तर परत मिळते. दुसऱ्याने मुलांचे.

शिस्त म्हणजे बूट चमकवणे आणि वेळेवर रांगेत उभे राहणे इतकेच आपण समजतो. आपण काय पाहिले आणि काय पाहिले नाही, यांमधली रेघ सांभाळणे हीही शिस्त आहे. तुमच्या एका वाक्यावर कोणाची तरी सोळा वर्षे अवलंबून असू शकतात. म्हणून पहिली आठवण पहिल्या कागदावर उतरवा, आणि तो कागद जपून ठेवा.